बाविसाची पाटी

टॉर्विकला शहर म्हणायचं ते कागदोपत्री. वस्ती अकराशे, सिग्नल एक, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा. पण शहर म्हटलं की महापौर आला, चार सभासद आले, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहाला भरणारी सभाही आली. ती भरते आगीच्या बंबाशेजारच्या खोलीत. कॉफी असते, कुणीतरी घरून करून आणलेल्या लिंबाच्या वड्या असतात, आणि भांडण झालंच तर ते नाल्यावरून किंवा मोकाट कुत्र्यांवरून होतं.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी आर्डिस ब्रेक्के वडीला हात न लावता बसली होती. बासष्ट वर्षांची, हाडापेरानं मजबूत, नऊ वर्षं सभासद असलेली बाई. समोरच्या कागदावर पाचवा विषय होता धर्मादाय जुगाराच्या नियमांत दुरुस्ती आणि सहावा होता शहराच्या कामांसाठी एक माणूस नेमणे. पाचव्या विषयात तिचा नवरा होता आणि सहाव्यात मुलगा. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

जुगार म्हटल्यावर कुणी भलतंसलतं मनात आणू नये. मिनेसोटात हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकतो, आणि माणसांना शुक्रवारी कुठंतरी बसायला लागतं. टॉर्विकची माणसं लव्हॉन पायारीच्या बारमध्ये बसतात. साडेचार वाजता तिथं मांसाची सोडत निघते. भिंतीवर लाकडी चाक आहे, त्यावर एक ते तीस आकडे. डॉलर द्यायचा, आपल्या आकड्याची लाकडी पाटी घ्यायची, चाक ज्याच्या आकड्यावर थांबेल त्यानं खाटकानं बांधून दिलेला पुडा घरी न्यायचा. कधी बेकन, कधी चॉप्स, सणासुदीला अख्खा हॅम. जो नफा होतो त्यातून पोरांच्या हॉकी क्लबचे बूट येतात, खेळायच्या रिंकचा बर्फ राखला जातो. धर्म एवढाच आणि जुगारही एवढाच.

भानगड होती बावीस नंबरची. ती पाटी कुणी विकत घेत नसे. लव्हॉन ती गल्ल्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवी आणि चाक मात्र तिसाच्या तीस आकड्यांचं फिरवी. डिसेंबरात राज्याकडून एक तपासनीस बाई आली, कोपऱ्यात बसून सोडा पीत तिनं सगळं पाहिलं आणि जाताना लेखी ताकीद देऊन गेली. फिरवण्याआधी चाकावरचा प्रत्येक आकडा विकलेला हवा. शहरानं तसा नियम जानेवारीअखेरपर्यंत केला नाही, तर हॉकी क्लबचा परवाना जाईल.

"साधी गोष्ट आहे," कर्ट नायब्लोम म्हणाला. कर्टची दोन नातवंडं हॉकी खेळतात आणि त्याचा आवाज उपजतच मैदानाच्या मापाचा. "नियम करायचा आणि आकडा विकायचा. एका पाटीपायी पोरांची रिंक बंद करणार का आपण? बाहेरच्या लोकांना काय सांगायचं, आमच्या गावात चाकावर भूत बसतं म्हणून?"

"भूत कोण म्हणालं?" महापौर ओरिन डुफो हळूच म्हणाला.

"तूच तोंड पाडून बसलायस, ओरिन. मी नाही."

ओरिननं कर्टवरची नजर काढून घेतली. सत्तरीचा झाला तरी उन्हाळ्यात सायकलवर फिरणारा हा माणूस, पण बावीस नंबरचं नाव निघालं की त्याचे हात टेबलाखाली जात. त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, बर्फाला भोकं पाडून मासे धरायच्या स्पर्धेला लोक येणार म्हणून गोठलेल्या केटल तळ्यावरचा गाड्यांचा रस्ता मोकळा करायला त्यानंच वेन्डेल ब्रेक्केला धाडलं होतं.

वेन्डेल शहराच्या कामांचा माणूस होता. नळ फुटला वेन्डेल, बर्फ साचला वेन्डेल, कुणाची मांजर छपरावर अडकली तरी वेन्डेलच. शुक्रवारी बारमध्ये तो नेहमी बावीस नंबर घेई, कारण बावीस तारखेला त्याचं आर्डिसशी लग्न झालं होतं. फारसा बोलत नसे. गोळी खाल्ली की तिचा कागद चौघडी करून खिशात ठेवी, पावती चौघडी करी, रुमाल चौघडी करी. आर्डिस त्याला चिडवायची, तुला शवपेटीत घालायची वेळ आली तर तू स्वतःच चौघडी होऊन झोपशील. ती वेळ आलीच नाही, कारण पेटीत घालायला काही मिळालं नाही.

बर्फावर गाडी घालताना टॉर्विकची माणसं सीटचा पट्टा सोडतात आणि काच खाली घेतात, बाहेर उणे वीस असलं तरी. गाडी खाली गेलीच तर बाहेर पडायला दोन सेकंद मिळावेत म्हणून. ही गोष्ट इथं पोरांना बुटाची नाडी बांधायच्या आधी शिकवली जाते. वेन्डेलची गाडी तळ्यात घुसलेल्या दगडी टोकापाशी खाली गेली. दोन दिवसांनी पाणबुड्यांनी ती वर काढली तेव्हा काच खाली होती, पण पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवरून आडवा, खटका नीट बसलेला. लोक म्हणाले, पाण्याच्या ओढीनं अडकला असेल. आर्डिस काही म्हणाली नाही. रोज सकाळी दारातून ती ओरडायची, "पट्टा लाव रे!" त्या दिवशीही ओरडली होती. तो तळ्यावर जाणार आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. हे तिनं अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

वेन्डेलसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली, त्यानंतरच्या शुक्रवारी लव्हॉननं चाक फिरवलं आणि ते बावीसवर थांबलं. पाटी कुणाकडेच नव्हती, म्हणून पुन्हा फिरवलं. पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा बावीस आल्यावर लव्हॉननं चाकावर हात ठेवून ते तसंच धरलं आणि सगळ्यांना एकेक ग्लास फुकट दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं तळ्यावर जायचं मन झालं नाही. दहाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या धक्क्यापासून दगडी टोकापर्यंत बर्फ उलला, आणि मासेमारीच्या दोन झोपड्या माणसांवाचून बुडाल्या.

तेव्हापासून ठरून गेलं. चाक बावीसवर थांबलं की पुडा धक्क्यावरच्या खांबाच्या हुकाला टांगायचा, तळ्यावर उतरायच्या वाटेवर साखळी लावायची आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर पाय ठेवायचा नाही. हे कुणी ठरवलं नाही, कुठं लिहिलं नाही, बाहेरच्यांना सांगितलं नाही. अकरा हिवाळ्यांत केटलमध्ये माणूस बुडाला नाही. पुडा सकाळपर्यंत नाहीसा होई, कोल्हा नेतो असं सगळे म्हणत. धक्क्यापाशी खाटकाचा कागद सापडायचा तो फक्त आर्डिसला. तो चौघडी केलेला असायचा. असे सतरा कागद तिच्या कपाटाच्या तळाशी होते, आणि तिला त्यांची भीती वाटत नसे. उलट एखाद्या हिवाळ्यात बावीस आलाच नाही तर तिचा जीव खालीवर होई.

सभेत मतं पडली. कर्ट आणि आणखी एक सभासद नियमाच्या बाजूनं, ओरिन आणि दुसरा विरोधात. राहिली आर्डिस.

तिनं सगळीकडून विचार करून पाहिला होता. नाही म्हणावं तर रिंक बंद, आणि विधवा बाई नवऱ्याच्या आकड्याला कवटाळून बसली असं गाव म्हणणार. हो म्हणावं तर बावीस जाणार कुणाच्याही हातात, आणि सहाव्या विषयात रीड उभा होता. रीड, तिचा एकुलता एक, अठ्ठावीस वर्षांचा. पाच वर्षं ड्युलुथच्या गोदीत राबून घरी परतलेला. नोकरी मिळाली तर याच आठवड्यात बापाच्या जागी तळ्यावरचा रस्ता तोच आखणार होता.

"आकडा विकलेला हवा, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग बावीस मी घेईन. दर शुक्रवारी. नियमही राहील आणि पाटीही राहील."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कर्टनं टेबलावर थाप मारली. "बघा! याला म्हणतात डोकं. उगाच अर्धा तास घोळ घातला आपण."

"आर्डिस," ओरिन म्हणाला, "तो विकायचा नसतो गं. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

त्याला पुढचं वाक्य सभेत म्हणता येईना. त्यानं हातोडी आपटली आणि नियम तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

सहाव्या विषयाला आर्डिस उठली आणि लोकांसाठी मांडलेल्या घडीच्या खुर्चीवर जाऊन बसली. घरच्या माणसाची नेमणूक असली की टेबलाशी बसायचं नाही, अशी इथली रीत. कायम नोकर ठेवावा की नुसता हिवाळ्यापुरता, विमा द्यायचा की नाही, सहा महिने पारखून बघायचं की तीन, यावर वीस मिनिटं खल झाला. रीड तिच्या शेजारी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. अखेर तीन विरुद्ध एक मतानं त्याला घेतलं. विरोधातलं एक मत ओरिनचं होतं.

बाहेर पडताना रीड म्हणाला, "त्याला माझ्याशी काय वावडं आहे गं?"

"तुझ्याशी नाही. स्वतःशी आहे."

"मग मला कशाला मध्ये घेतो? सहा महिने पारखणार आहेत मला, आई. तू जरा गप्प राहा एवढे सहा महिने. लोक म्हणतायत आईनं लावलं नोकरीला."

"मी तर खुर्चीवर बसले होते."

"तू खुर्चीवर बसलीस तरी खोली तुझ्याकडेच बघते," तो हसत म्हणाला, आणि तिला त्याच्या हसण्यात वेन्डेल इतका स्पष्ट दिसला की ती गाडीच्या चाव्या शोधत बसली.

शुक्रवारी साडेचारला बार गच्च भरला होता. दुसऱ्या दिवशी पोरांची मासेमारी स्पर्धा होती, म्हणून खाटकानं सर्वांत मोठा हॅम दिला होता. लव्हॉननं खिळ्यावरून बाविसाची पाटी काढली तेव्हा मागे भिंतीचा रंग पाटीच्या आकाराचा ताजा दिसला. तिनं ती फडक्यानं पुसली आणि आर्डिसपुढे धरली.

"घे बये. माझ्या हाताला बरं वाटत नाहीये, पण घे."

पाटी गार होती, बाहेर ठेवलेल्या वस्तूसारखी. आर्डिसनं डॉलर ठेवला. चाक फिरलं, खिट्टी आकड्यांवरून टरटरत गेली, मंदावली, एकवीसवर रेंगाळली आणि बावीसवर बसली.

जुन्या माणसांनी सवयीनं ग्लास खाली ठेवले. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. "पहिल्याच फटक्यात! अगं, हॅम तुझा!" कर्टनं तिचा हात धरून पाटीसकट वर उचलला. कुणी शिट्टी मारली. ड्युलुथकडून आलेल्या दोन पाहुण्यांनी तिला बिअर पाजली. आर्डिस गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली. एकाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. जिंकलेल्या माणसाकडे जसं बघतात तसं ते तिच्याकडे बघत होते.

"साखळी लावा," ती म्हणाली. "उद्या कुणी जायचं नाही."

"साखळी कशाला?" कर्ट म्हणाला. "बावीस कुणाचाच नव्हता तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तुझा आहे. तू घेतलास, तू जिंकलीस, हॅम घरी ने आणि मटाराबरोबर खा. चाळीस पोरं गळ घेऊन तयार बसलीयेत, त्यांना काय सांगू?"

तिनं लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉननं नजर चुकवून ग्लास पुसायला घेतला. तेव्हा आर्डिसच्या लक्षात आलं की तिनं काय करून ठेवलं. आकडा राखायच्या नादात तिनं तो विकत घेतला होता. चाक अजून बोलत होतं, पण आता त्याचं बोलणं सगळ्यांना एका बाईच्या नशिबासारखं ऐकू येत होतं. स्वतःच्या हुशारीची तिला इतकी चीड आली की हॅमचा पुडा तिथंच आपटावासा वाटला.

घरी तिनं रीडपुढे हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

"आई, सोळा इंच बर्फ आहे. मी काल स्वतः गिरमिट चालवून पाहिलंय."

"तुझ्या बापानंही पाहिलं होतं."

"म्हणून मी जन्मभर किनाऱ्यावर बसू? पहिला आठवडा आहे माझा. पहिल्याच कामाला मी म्हणू, चाकावर आकडा आला म्हणून येत नाही? ओरिनला हवंच आहे तसं कारण." मग तिचा चेहरा बघून तो नरमला. "बरं. पहार घेऊन जातो. काच खाली ठेवतो. पट्टा पाठीमागून अडकवतो. झालं?"

नव्या गाड्यांत पट्टा लावला नाही की घंटी वाजत राहते, म्हणून तळ्यावर जाणारे तो पाठीमागून खटक्यात अडकवतात आणि मोकळे बसतात. शहराची नवी पिकअप तशीच होती.

"आणि हा हॅम ने," आर्डिस म्हणाली. "धक्क्यावर टांग. त्याचा वाटा आहे तो. एवढं तरी कर माझ्यासाठी."

रीडनं पुडा उचलला.

शनिवारी आठ वाजता उजाडलं. आभाळ आणि तळं एकाच रंगाचं होतं आणि मधली रेघ पुसून गेली होती. आर्डिसनं दारातून ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. रीड गेला. तिनं भांडी धुतली, मग धुतलेली भांडी पुन्हा धुतली. तळ्याकडून एक आवाज आला. खोल, लांबलचक, पाण्याखाली कुणी जड टेबल सरकवल्यासारखा. थंडी वाढली की तळं असं बोलतंच, त्यात नवल नाही. पण तिनं अंगावर कोट चढवला आणि चालू लागली.

धक्क्यावर कुणी नव्हतं. पोरं दहाला येणार होती. पिकअपच्या चाकांच्या दोन रेघा बर्फावरून दगडी टोकाकडे गेल्या होत्या आणि पांढऱ्यात विरल्या होत्या. खांबाच्या हुकाला पुडा नव्हता. नुसता सुतळीचा तुकडा लोंबत होता. 'विसरला,' तिच्या मनात आलं, 'बापाचा वाटा सीटवरच ठेवून गेला,' आणि तिला रीडचा राग आला, आणि रागाच्या तळाशी इतकी भीती होती की ती खांबाला धरून उभी राहिली. वारा नव्हता. तिला स्वतःच्या कानशिलातलं रक्त ऐकू येत होतं.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग पांढऱ्यातून पिकअप निघाली. उलटी, मागच्या बाजूनं, गेलेल्या रेघांवरून इंच इंच येत होती. धक्क्याला लागली, वर चढली, थांबली. रीड उतरला. त्याच्या पँटचे पाय घोट्यापर्यंत भिजून कडक झाले होते आणि ओठांना रंग नव्हता.

आर्डिसनं त्याला घट्ट धरलं. तो लहानपणी कधी थरथरला नसेल इतका थरथरत होता.

"घंटी वाजायला लागली," तो म्हणाला. "टोक आलं आणि शेजारच्या सीटची घंटी वाजायला लागली. कुणी बसलंय आणि पट्टा लावला नाहीये, तशी. थांबेचना. डोकं उठलं माझं. गाडी थांबवली आणि वाकून तो पट्टा लावला. घंटी बंद झाली, आणि... आई, तेव्हा पाणी ऐकू आलं. पुढे खळखळत होतं. पहार घेऊन उतरलो. वीस पावलांवर पहार आरपार गेली. वर कोवळा थर होता नुसता, त्यावर बर्फ भुरभुरलेला. मी थांबलो नसतो तर..."

"हॅम," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "हॅमचं वजन पडलं सीटवर. म्हणून वाजली. बरं झालं विसरलास."

रीड मागे सरून तिच्याकडे बघत राहिला.

"विसरलो नाही. बर्फावर उतरायच्या आधीच टांगला मी. याच खांबाला. सुतळीच्या दोन गाठी मारल्या." त्यानं हुकाकडे पाहिलं. सुतळीचा तुकडा तसाच लोंबत होता. "कोल्हा असेल," तो म्हणाला, पण ते त्यानं खालच्या आवाजात म्हटलं.

धक्क्यावरच्या भुरभुरीत बर्फात त्याच्या बुटांचे ठसे होते आणि तिच्या बुटांचे. दुसरे नव्हते.

आर्डिस गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. पट्टा रिकाम्या सीटवरून आडवा होता, खटका नीट बसलेला. सीटचं कापड खोलगट दाबलं गेलं होतं आणि ओलं होतं. तिनं तळहात ठेवला. तळ्याच्या पाण्याचा वास आला, आणि त्याखाली पुसट, वेन्डेलच्या तंबाखूचा. सीटच्या कडेला खाटकाचा कागद पडला होता. त्याची चौघडी केलेली होती.

अकरा वर्षं ती वेन्डेलवर रागावली होती. ओरिनचं ऐकून गेला म्हणून, तिचं ऐकून पट्टा लावला म्हणून, न सांगता गेला म्हणून. तो राग आता ती शोधत होती आणि तिला सापडत नव्हता. तिनं कागद उचलला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खूप रडली. पण आवाज न करता, कारण रीड बघत होता.

"साखळी लाव," जरा वेळानं ती म्हणाली. "आणि कर्टला फोन कर. म्हणावं स्पर्धा रद्द. कारण विचारलं तर म्हणावं शहराच्या कामांच्या माणसानं बंद केलं तळं."

रीडनं साखळी लावली. परत येऊन त्यानं शेजारच्या दाराकडे हात नेला. "बस, आई. घरी सोडतो. पट्टा सोडतो मी तो, थांब."

"राहू दे," तिनं त्याचा हात धरला. "त्याला घेऊन जा तू. दमला असेल. मी चालत येते."